रेंडरला लावलंय

“ताई, मला त्यातलं काय कळत नाय,” भावेश म्हणाला. “दोन्ही कार्डं चालवून बघा आन् काय ते सांगा. शनिवारपर्यंत दुकानदार थांबलाय. नको असंल तर परत नेईल तो.”

टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी-शेजारी मांडले होते. एकात आठ वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स कार्ड होतं, दुसऱ्यात कालच आलेलं. नीताने मान हलवली. ठाणा नाक्याजवळच्या या बिल्डरच्या ऑफिसात ती भावेशच्या वडिलांच्या वेळेपासून होती. भावेश शाळेच्या गणवेशात इथे यायचा तेव्हापासून. अजून न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवायच्या, हे तिचं काम. भिंती, फरशा, झाडं, ऊन सगळं कॉम्प्युटरवर मांडायचं आणि मग ते रेंडरला लावायचं. उजेड कुठून येतो, काचेवर कसा पडतो, पाण्यात किती उतरतो याचा हिशोब कार्ड करत बसे आणि शेवटी फोटोसारखं चित्र हाती येई. जुन्या कार्डाला त्यासाठी अख्खी दुपार लागायची.

नीताला त्या दुपारीच हव्या होत्या. तिचा नवरा विनायक जासईच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. मूत्रपिंडं निकामी झाली आणि नोकरी सुटली. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. जाताना तो एकटा जायचा, पण येताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग या दोन्ही दिवशी नीता जेवणानंतर काम लावून द्यायची, “रेंडरला लावलंय, जरा जाऊन येते,” म्हणायची आणि स्कूटर काढायची. तास-दीड तास त्याच्याजवळ बसायची, त्याला घरी सोडायची आणि परत यायची. तोवर चित्रं तयार झालेली असत. ती कुठे जाते, हे कुणी कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

गुरुवारी तिने द्रोणागिरीतल्या एका छोट्या फ्लॅटची आतली खोली दोन्हीकडे लावली. चार भिंती, एक सोफा, एक खिडकी. नवं कार्ड पुढे गेलं, पण जुनंही फार मागे राहिलं नाही. एवढंच भावेशला दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, मग कशाला उगाच नवीन? खोटंही बोलावं लागलं नसतं. नीता बराच वेळ त्या दोन सारख्या सोफ्यांकडे बघत बसली. मग तिने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि तसाच बंद केला.

शुक्रवारी तिने आपटा गावचं काम घेतलं. पाताळगंगेच्या काठचे बंगले. मोठ्या काचा, पोहण्याचा तलाव, मागे झाडी आणि नदी. जुन्या कार्डाचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. पाऊण चित्र झालं आणि मेमरी पुरेना म्हणून सगळं बंद पडलं. हे नेहमीचंच होतं. मग ती झाडं कमी करायची, पाणी थोडं गढूळ करायची आणि पुन्हा लावायची. नव्या कार्डावर चित्र आधी रवाळ दिसलं आणि तिने बाटलीचं झाकण उघडेपर्यंत स्वच्छ झालं.

तिने सूर्य थोडा खाली ओढला. बंगल्याची सावली गवतावरून सरकत नदीकडे गेली, तिच्या डोळ्यांसमोर. इतकी वर्षं ऊन अंदाजाने ठेवायचं आणि चुकलं की नाही ते संध्याकाळी कळायचं, अशीच सवय होती. तिने सकाळ करून पाहिली. ढगाळ दुपार केली. काठावर कुणी न सांगितलेली एक चिंच लावली आणि तिची पाण्यातली छाया हलताना पाहिली. मग दुसऱ्या तीरावर दिवे लावले. खूप दिवसांनी हाताला काम गोड लागत होतं.

फोन वाजला तेव्हा पाच वाजून गेले होते.

डायलिसिस सेंटरच्या बाहेर विनायक बाकावर बसला होता. दंडावर पट्टी, मांडीवर पिशवी. दारापर्यंत त्याला नर्सने धरून आणलं होतं.

“काम जोरात होतं वाटतं,” तो म्हणाला.

“हो.”

स्कूटरवर तो तिच्या खांद्याला धरून बसला. सिग्नलला थांबल्यावर त्याने विचारलं, “रेंडर बंद पडलं का?”

“नाही. लगेच झालं.”

“मग?”

“मग मी खेळत बसले,” नीता म्हणाली. “तुम्ही थांबला असाल हे डोक्यातच आलं नाही.”

घरी आल्यावर, खुर्चीत टेकल्यावर तो म्हणाला, “पूर्वी तू येऊन सांगायचीस, आज अमुक बिल्डिंग केली, तमुक केली. बंदच केलंस ते. काय केलंस आज?”

तिने नव्या कार्डाचं सांगितलं आणि चिंचेचंही.

“घ्यायला सांग ते कार्ड,” तो म्हणाला.

“आणि तुम्हाला कोण आणणार?”

“रिक्षा मिळते की.”

शनिवारी तिने भावेशला आपट्याचं काम दोन्हीकडे लावून दाखवलं. “हे घ्या. तुलनाच नाही,” ती म्हणाली. “झाडं काढावी लागत नाहीत. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून हवा तो रंग तिथल्या तिथे दाखवता येईल.” मग तिने खुर्ची वळवली. “आणि भावेश, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी इथे नसते. रेंडर चालू असायचं, म्हणून कधी विचारलं नाही. आता विचारते.”

“ठावं हाय, ताई.” भावेश पडद्याकडे बघतच म्हणाला. “आमची आय डायलिसिसला तिथंच जायची, शेवटची दोन वर्सं. बाहेर तुमची स्कूटर दिसायची मला.”

नीताने जुन्या कार्डाचा कॉम्प्युटर बंद केला.

“मंगळवारी जा तुमी,” तो म्हणाला. “शुक्रवारी मुंबईची लोकं येतात. ती समोर बसनार, हे बदला, ते बदला म्हननार. तुमच्याशिवाय दुसरं कोन हाय माझ्याकडे?”

दोन्ही दिवसांसाठी भांडायचं, असं ठरवून ती आली होती. काय काय बोलायचं तेही ठरलं होतं. पण तो वाईट बोलत नव्हता आणि तिच्यात तेवढं बळही उरलं नव्हतं.

“बरं,” ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी चेंबूरचं एक जोडपं तिच्या शेजारी बसलं होतं. बाईंना स्वयंपाकघराचा ओटा काळा हवा होता, मग पांढरा, मग पुन्हा काळा. दर वेळी तो लगेच बदलत होता आणि बाईंना त्याचं नवल वाटत होतं. मधेच विनायकचा फोन आला. “पोचलो घरी. व्यवस्थित आलो,” तो म्हणाला. आवाज दमलेला होता.

सातच्या सुमारास नीता घरी आली. इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिलाच दम लागला.

दार विनायकने उघडलं. “बघ,” तो म्हणाला, “उगाच काळजी करत होतीस. सरळ चढून आलो.”

“छान झालं,” ती म्हणाली.

तो आत जायला वळला. त्याच्या पँटला मागून जिन्याची धूळ लागली होती. एकदाच नाही, दोन-तीनदा टेकून बसल्यासारखी. झटकायला नीताने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग पर्स खुंटीला अडकवून ती त्याच्या मागोमाग आत गेली. भाताला तांदूळ किती घेऊ, एवढंच तिने विचारलं.