फळी सुकते आहे

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती काढणं कुणाच्या बापाला जमत नाही. पोटाचं ऑपरेशन झालं, घरी आले, आणि जरा उभं राहता येताच त्यांनी मला कपाटावरून जुनी इलेक्ट्रिक गिटार काढायला लावली. पट्टा खांद्यात अडकवला आणि चटकन खुर्ची धरली. जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंच होतं.

"मग बसून वाजवा," मी म्हणाले.

"बसून भाजी निवडतात," हे म्हणाले. उभी हयात ऑर्केस्ट्रात उभं राहून वाजवलेला माणूस, ऐकतो कसला.

मग टूम निघाली. दांडी, तारा, आतल्या वायरी जुन्याच ठेवायच्या, फक्त गिटारचं धड हलक्या लाकडाचं नवीन करायचं, तेही घरी. गिटारसाठी खास म्हणून जे लाकूड विकतात त्याचा भाव ऐकला आणि मी ह्यांना दंडाला धरून दुकानाबाहेर आणलं. त्यानंतर घरातल्या एकेका वस्तूवर संक्रांत आली. दिसेल त्या लाकडावर बोट वाकवून टकटक करायचं आणि कान लावायचा. पुस्तकांचं शेल्फ झालं, ओट्याखालचं दार झालं. पलंगाच्या उशाकडच्या फळीकडे नजर वळली तेव्हा मात्र मी आडवी आले.

शेवटी लाकडाच्या वखारीत एक जाड फळी मिळाली. कसल्यातरी यंत्राच्या खोक्याचा तळ होता तो. वखारवाला ती जवळजवळ फुकटच द्यायला निघाला होता.

"जड आहे हो," हे म्हणाले.

"ओली आहे म्हणून. सुकली की हलकी फूल होईल," तो म्हणाला. त्याला ती कोपऱ्यातून हलवायचीच होती. मी ओळखलं, पण ह्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

घरी वजन करायला आमच्याकडे न्हाणीघरातला, वर उभं राहायचा तेवढा काटा. फळी त्यावर ठेवली की काट्याचे आकडे झाकले जायचे. म्हणून डॉक्टरांचं न ऐकता हे फळी छातीशी धरून काट्यावर उभे राहिले आणि मी वाकून आकडा वाचला. त्यातून ह्यांनी आपले अडुसष्ट वजा केले. दवाखान्यातून निघताना त्यांचं वजन तेवढं भरलं होतं, आणि ते त्यांना पाठ होतं. फळी सात किलो निघाली.

"चारच्या खाली आली की कापायची," हे म्हणाले, आणि फळी खिडकीत उन्हाला लावली.

दर रविवारी वजन व्हायचं, वजाबाकी त्याच अडुसष्टची. फळी सहावर आली, मग पाचवर. घरात आनंदीआनंद. हे कागदावर आकार काढत बसायचे, माझी भाकरी-भाजी ताटात निवत राहायची. "भूक नाही, पण बघ कशी सुकतेय," म्हणायचे. कधी फळी उचलताना थांबायचे. "हाताला अजून जडच लागते गं. अंगात ताकद यायची आहे. पण काटा कशाला खोटं बोलेल?"

परवा खिडकी पुसायला म्हणून मी फळी बाजूला केली. उचलली आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. हे आंघोळीला गेले नव्हते तोवर मी न्हाणीघरात शिरून कडी लावली. आधी एकटी काट्यावर उभी राहिले, मग फळी घेऊन. फळी सातच किलो होती. पहिल्या दिवशी होती तेवढीच.

तिथेच बादली उलटी करून बसले. बाहेरून हे म्हणत होते, "अगं, झोपलीस का आत?" ऑपरेशनपासून हे नाडीची सैल विजार घालतात. नाडी रोज थोडी जास्त आवळली तर कुणाला कळणार?

ह्यांना न सांगता मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग चष्मा काढला. "त्यांना जे आवडतं ते करू द्या," म्हणाले. औषध लिहून दिलं नाही. मी उठले.

आज रविवार. हे फळी छातीशी घेऊन काट्यावर चढले. "वाच."

मी वाकले. खोटा आकडा सांगावा असं मनात आलं. पण वाढवून सांगितला तर फळी जड ठरणार, आणि मग कसली गिटार? मी होता तोच आकडा सांगितला.

"म्हणजे तीन." हे हसले. गालांची हाडं वर आली. "अजून दोन-तीन आठवडे राहू दे. आणखी उतरेल."

"नको," मी म्हणाले. "आजच कापायला घ्या."

"अगं, लाकडाला घाई करून चालत नाही. तुला एवढी कसली घाई झाली?"

मी त्यांच्या हातातून फळी घेतली.

"बघ, किती हलकी झालीय," हे म्हणाले.

"हो की," मी म्हणाले, आणि एका हाताने उचलून दाखवली. मनगटाला रग लागली, तरी ते बघत होते तोवर मी ती खाली ठेवली नाही.