आत्यानं कानात सांगितलेलं नाव

गोजरबाई घोडेगावला बारशाला आली ती बाळाच्या मायेनं नव्हे, उट्टं काढायला. एरवी सख्ख्या भावाच्या, ऋतिकच्या, घरचं पाणीसुद्धा ती प्यायली नसती.

का प्यावं? त्यांची आई बानूबाई जन्मभर मेंढरांमागं हिंडली. सून प्रांजलला म्हणे तिच्या अंगाला मेंढरांचा वास यायचा, म्हणून म्हातारीचं अंथरूण गोठ्यात टाकलं. शेवटी गोजरबाईनं तिला अवसरीला आपल्या घरी नेलं. तिथं ती लेकाच्या नावानं झुरत गेली. फोन केला की ऋतिकला सवड नसायची. आला तो थेट मातीला.

आता मात्र आत्या पायजे! बाळाच्या कानात नाव आत्यानंच सांगायचं, आणि एकदा सांगितलं की तेच पक्कं. त्यांच्या भावकीत हे कुणी मोडत नाही.

मांडवात फुग्यांची कमान, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'नायरा'. प्रांजल आल्यागेल्याला मोबाईल दाखवत होती. "अर्थ बघा ना, चमकणारी. एकदम मॉडर्न. ताई, विसरू नका हं."

"नाय विसरत," गोजरबाई म्हणाली. विसरायला ती काय येडी व्हती?

पाळण्याभोवती बाया जमल्या. गोजरबाई वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुर्र... बानू."

प्रांजलचं तोंड उतरलं. "हे कसलं नाव? बदला ते."

"कसलं म्हंजे?" चुलते ज्योतिबा खुर्चीतून म्हणाले. "जेजुरीच्या देवानं जिच्यापायी मेंढरं राखली, तिचं नाव हाय. आत्या बोलली, विषय संपला."

रीतीप्रमाणे बाया हसत आत्याच्या पाठीत धपाटे घालू लागल्या. प्रांजलनं दातओठ खाऊन असा ठेवून दिला की गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला लई बरं वाटलं. वर्मी लागल्याशिवाय कुणी एवढ्या जोरात मारतं होय?

त्या गलक्यात बाळानं भोकाड पसरलं. ऋतिकनं त्याला उचलून खांद्याशी धरलं. "उगी बानू, उगी. आलो ना मी."

बोलून गेला आणि मटकन खाली बसला. मग बाळापेक्षा मोठ्यानं तोच रडायला लागला.

"गोजरे, धर गं भावाला," बाया म्हणाल्या.

गोजरबाई जागची हलली नाही. रड म्हणावं, मेल्या. आता रोज उठून हाक मार, आणि रोज रड.