मूठभर माती राहून गेली

मी चौरी. पोवारांच्या घरातला, स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यातला हातभर मातीचा चौथरा. बोलतेय मीच, या खोलीत दुसरं कोण बोलणार?

गोंदियाच्या जुन्या बाजारामागं ही कवेलूच्या छपरांची घरं एकमेकांना पाठ टेकून उभी आहेत. इथला घरधनी शालीकराम, त्याच्या आजानं मला बांधलं. तेव्हापासून या घरातला जो मेला, तो माझ्यापाशी येऊन बसला. सणाला पहिला घास माझा. बाकी वेळ कान उघडे. कोणाकडे काय शिजतं, कोणाची सून रुसली, सगळं मला ठाऊक. खोटं कशाला सांगू, मला त्याची गोडीच.

शालीकराम मेला आणि माझ्यापाशी आला, मागून त्याची बायको देवकाबाई आली. तिची तेरवी झाली आणि मुलगा वीरेंद्र म्हणाला, "घर विकतो." नागपूरला फ्लॅट आहे त्याचा. रजिस्ट्री झाली. पंखेसुद्धा काढून नेले. एक मात्र विसरला. घर सोडताना चौरीची मूठभर माती सोबत न्यायची असते. ती निघाली की पितर मागोमाग निघतात. जिते गेले. मेलेले बसून राहिले.

घर घेतलं दवनीवाड्याच्या योगराजनं. तो काही पोवार जातीचा नव्हे, चौरी त्याला कुठून ठाऊक! त्याला वाटलं, जुन्या चुलीचा ओटा असेल. ठेवला की हो माझ्यावर गॅसचा सिलिंडर!

त्याची बायको रीना फोडणी टाकता टाकता एकदम डोक्यावर पदर घ्यायची, जणू पाठीमागं सासरे बसलेत. सासरे तर तिकडं गावी. जेवताना दोघंही आपोआप हळू बोलू लागले.

एक दिवस शेजारची अनुसयाबाई साखर मागायला, म्हणजे घर बघायला, आली.

"अवं बाई! सिलिंडर कायले ठेवलास? थे चौरी होय! पितर बसले हायेत थितं."

योगराज हसला. "काकू, रजिस्ट्रीत पितर कुठं लिहिले होते? सोमवारी गवंडी येऊन राहिला. फोडून टाकतो."

रीना हसली नाही. "आधी घर विकणाऱ्यांना फोन लावा. नाहीतर मी या खोलीत पाय ठेवत नाही."

अनुसयाबाईनंच वीरेंद्रला लावला.

"काकू, फ्लॅटमध्ये चौरी कुठं बांधू?" वीरेंद्र म्हणाला. "फोडू द्या ना."

"तुही माय बसली हाये थितं, बाबू. तिलेही फोडू काय?"

"येतो," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

रविवारी तो आला, स्टीलचा डबा घेऊन. बोटांनी माझी माती उकरली. "चला," म्हणाला. आजा उठला, शालीकराम उठला, एकेक जण डब्यामागं निघाला. देवकाबाई सगळ्यांत शेवटी. दारात वीरेंद्र योगराजला सांगत होता, "घरी अजून बोललो नाही. सध्या बाल्कनीत ठेवीन डबा."

देवकाबाईनं ऐकलं. उंबऱ्यावरून मागं फिरली आणि येऊन बसली.

आज सोमवार. गवंडी आला आहे. रीना, पोरी, मी मातीच. माझी चिंता करू नकोस. पण नव्या ओट्याखाली एक कोपरा कच्चा राहू दे. म्हातारी फार जागा घेत नाही.