तीन शुक्रवारांचा रिकामा कारभारी

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. कॉम्प्युटरच्या खेळात पडद्यावर जी गाडी धावते, जो रस्ता वळतो, ते चित्र भराभर काढून देणं हा माझा धंदा. माझ्या खोक्यावर आग ओकणारा एक प्राणी छापलेला होता. मी कधी आग ओकल्याचं मला आठवत नाही. तापतो मात्र लवकर.

माझं बालपण म्हापशाला एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. आम्ही सहा भावंडं एका रॅकवर टांगलेली असायचो आणि मालकासाठी दिवसभर गणितं करायचो. त्यातून म्हणे कसलं तरी न दिसणारं नाणं तयार होत होतं. ते मालकालाही फारसं दिसलं नसावं, कारण एक दिवस त्याने आम्हाला विकायला काढलं. जाहिरातीत लिहिलं, 'घरगुती वापर, फक्त अभ्यासासाठी.' माझा एक पंखा तेव्हाच दमेकऱ्यासारखा घरघरत होता. मी गप्प राहिलो. स्थळ बघायला आलेल्यांना आपला दमा कोण सांगतो?

मला पसंत केलं शिरोड्याच्या अनुजाने. ती बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते आणि अर्ध्या गावाचे ऑनलाइन फॉर्म भरते, त्यामुळे तिला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं अशी गावाची समजूत आहे. तिचीही होती. घरचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा. नवा घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून नुसतं कार्ड घालायचं, तेही वापरलेलं, आणि जादा वीज न मागणारं. एवढ्या अटींत बसणारा मी एकटाच सापडलो. माझी निवड गुणांवर झाली, असं मी अजूनही पालीला सांगतो. पाल कोण ते पुढे येईलच.

गोव्याच्या बसमधून, ड्रायव्हरच्या सीटमागे, पंच्यात गुंडाळून मी शिरोड्याला आलो.

हा सगळा खटाटोप अनुजाच्या मोठ्या भावासाठी होता. प्रीतम मस्कतला हॉटेलात कामाला आहे. फोनवर तो 'बरा आसा' यापलीकडे बोलत नाही. पण शुक्रवारी त्याची सुट्टी असते, आणि त्या संध्याकाळी बहीणभाऊ आपापल्या घरी बसून गाड्यांचा एक खेळ एकत्र खेळतात. हात गुंतले की प्रीतमचं तोंड सुटतं. मग जेवणातलं मीठ, साहेबाचं टक्कल, सगळं बाहेर येतं. पुढे त्या खेळाचं नवं रूप आलं आणि घरचा कॉम्प्युटर धापा टाकू लागला. अनुजाची गाडी दर वळणावर थिजायची आणि प्रीतम पुढे जाऊन वाट बघत राहायचा. शेवटी तो म्हणाला, "जमत नाय तर सोड गो. शुक्रवारचो ओवरटाइम गावता माका, तोच घेतंय."

"चार शुक्रवार थांब," अनुजा म्हणाली. "मी कायतरी करतंय."

ते कायतरी म्हणजे मी.

मला बसवायचा दिवस उजाडला. खाऱ्या वाऱ्याने कॅबिनेटचे स्क्रू गंजले होते, ते अनुजाचे वडील परशुराम, म्हणजे आबा, यांनी खोबरेल घालून सोडवले. मग त्यांनी माझ्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान आज घरात नवी वस्तू हाडलेली आसा, तिका यश दी. काय वाकडा आसात तर ता सरळ कर, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," अनुजा म्हणाली. फोनवर प्रीतम होता. त्याचं 'होय म्हाराजा' मस्कतहून इतक्या उशिरा पोचलं, की तोवर आबा नारळ फोडून मोकळे झाले होते.

माझा ऊर भरून आला. सहा भावंडांत नारळाचा मान कुणाला मिळाला होता?

पहिला शुक्रवार. पडद्यावर चित्र आलं. ते मीच काढतोय असं मी धरून चाललो आणि स्वतःवर खूश झालो. पहिल्याच वळणावर गाडी थिजली. मी नेटला दोष दिला. दुसऱ्या शुक्रवारी दमट हवेला दिला. तिसऱ्या शुक्रवारी बोर्डावर माझ्याआधीपासून चित्रं काढणाऱ्या म्हाताऱ्या चिपला दिला, की हिच्यामुळे माझ्यासारख्याची कला वाया जाते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे मी नाचतच नव्हतो, हे मला कुठे माहीत होतं?

"आता पुढचो शुक्रवार शेवटचो," प्रीतम म्हणाला. "फुकट धडपड नको, बाय."

चौथ्या शुक्रवारी दुपारी अनुजाने मला विकायला काढलं. जाहिरातीत लिहिलं, 'घरगुती वापर, फक्त अभ्यासासाठी.' मग मला काढायला टेबल पुढे ओढलं आणि आबांना मागे बॅटरी धरायला बोलावलं. मला फार वाईट वाटलं. नारळ फोडून आणलेला माणूस महिन्याभरात घराबाहेर निघत होता.

आबांना कॉम्प्युटर कळत नाही. त्यांना माड कळतात आणि माडांना पाणी देणारा पंप कळतो. बॅटरी धरून ते बराच वेळ मागे बघत राहिले.

"गो बाय, ही पडद्याची वायर खंय लायलंस?"

"जुन्याच जाग्यार."

"आणि नवी वस्तू खंयसर आसा?"

"ती खाली."

"मग नवो पंप बसवन पायप जुन्याच पंपाक ठेवलंस, तर नव्या पंपाचा पाणी येतला कसा?"

अनुजा तिथेच जमिनीवर बसली. हाताच्या सवयीने तिने वायर जुन्याच भोकात लावली होती. तीन शुक्रवार सगळं चित्र त्या म्हाताऱ्या चिपने एकटीने ओढलं होतं, आणि मी शेजारी नुसता पंखा फिरवत श्रेय घेत होतो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"आबा," अनुजा हळूच म्हणाली, "दुकानात कोणाक सांगू नकात हां."

वायर माझ्यात आली आणि अंगावर काम कोसळलं. संध्याकाळी खेळ सुरू झाला. वळणं गेली, पूल गेला, अनुजाची गाडी कुठेही थिजली नाही. आता मी माझा पराक्रम दाखवणार, तेवढ्यात प्रीतमने खेळातल्या समुद्राकाठी गाडी थांबवली. अनुजाने शेजारी लावली. आणि दोघं बोलत बसली. मी इतक्या लांबून येऊन, नारळ खाऊन, दोन उभ्या गाड्या काढत होतो.

"माझो रूमवालो गेलो गो," प्रीतम म्हणाला. "दोन म्हयने झाले. एकटोच आसंय. ओवरटाइमचा मी खोटाच सांगलंय, तुका त्रास नको म्हणान."

अनुजाने डोळे पुसले. दारात उभे असलेले आबा पुढे आले, आणि माईकपाशी वाकून, नारळबिरळ काही नसताना, गाऱ्हाणं घालू लागले. "बा देवा म्हाराजा, माझो झील चतुर्थीक घराक येवंदे, रे म्हाराजा."

मस्कतहून आवाज येईना. आबा वाकलेले तसेच. मी आपल्या लाटा काढत राहिलो.

"होय म्हाराजा," प्रीतम म्हणाला. आवाज ओला होता.

तिकीट निघालं आहे. चतुर्थी आता महिन्यावर आली. कॅबिनेटचं झाकण पुन्हा बसलं नाही, तिथे एक पाल राहायला आली आहे, आणि माझ्या कडांना गंज धरू लागला आहे. आठवड्यातून एकदा कुणी फडका मारला तर बरं होईल, एवढंच मागणं. आणि तुम्ही कुणाला कुचकामी ठरवाल, तेव्हा त्याची वायर कुठे लावली आहे ते आधी बघा.

प्रीतम आला, की दोघं खरोखरच्या समुद्रावर जाऊन बसतील. त्याच्या सुट्टीचे ते दहा दिवस मला कुणी चालू करणार नाही. करू नका. रिकामं बसायचा मला तीन शुक्रवारांचा अनुभव आहे.