उसनं लंगडणं

पांढरी दाढी, पांढरा टोप आणि काठी. एवढं चढवलं की पस्तिशीतला हा गडी सत्तरीचा म्हातारा व्हायचा. सिनेमात त्याला म्हाताऱ्याची दोन-चार कामं मिळाली, तीही गर्दीतली. पोट भरायचं ते गुडघ्याच्या पट्ट्यावर. सेल्समन हॉलमध्ये पट्ट्याचे गोडवे गायचा, मग हा लोकांतून उठून लंगडत मंचावर जायचा, पट्टा बांधायचा आणि तरातरा चालून दाखवायचा. पट्टे हातोहात खपायचे. लोक काही बावळट नसतात, पण दुखण्यापुढे भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

आज मंचावर चढून तो वळला. तिसऱ्या रांगेत त्याचे बाबा बसले होते.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. आता टाळलंत तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. बाबा जाम घाबरले होते. "तू सोबत ये रे," असं त्यांनी दोनदा म्हटलं, आणि यानं ऑफिसातून सुट्टी मिळत नाही अशी थाप मारली. सोमवारीही इथेच लंगडायचं होतं ना!

"काका, तुमचाही गुडघा वाटतं?" सेल्समननं नेमकं बाबांनाच हेरलं.

"सोमवारी ऑपरेशन आहे. पण हे आजोबा नीट चालले, तर आत्ताच फोन करून रद्द करतो." बाबांनी खिशातून मोबाइल काढलासुद्धा.

"मग बघाच! चला आजोबा!"

दाढी उपटून खरं सांगावं, तर ही माणसं इथेच तुडवतील. सरळ चालावं, तर बाबांचा पाय गेला. त्यानं पट्टा आवळला, पाऊल टाकलं आणि लंगडला. दुसरं टाकलं, तेव्हा जास्तच लंगडला.

"हिरो, नाटकं करू नकोस," सेल्समन दात-ओठ खात पुटपुटला. "नोकरी जाईल."

"दुखतंय हो!" म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "पट्ट्यानं काडीचा फरक नाही!"

हॉलमध्ये गलका झाला. लोक पिशव्या उचलून उठायला लागले. बाबा मात्र त्या पायाकडे टक लावून बघत होते. डावी टाच अधांतरी, हात मांडीवर, पाऊल टाकण्याआधी ओढलेला श्वास. पोरानं त्यांचं हे सगळं घरच्या जिन्यावर रोज बघून उचललं होतं.

बाबा पुढे आले. "चला आजोबा, धरा माझा हात."

दोघं एकसारखे लंगडत दारापर्यंत गेले. बाहेर कोणी नाही असं बघून बाबांनी त्याची सुटलेली दाढी अंगठ्यानं दाबून बसवली. तो रडकुंडीला आला होता.

"सुट्टी मिळाली ना आता?" बाबा म्हणाले. "मग सोमवारी चल. मला फार भीती वाटते रे."