उंदरांचा पंचनामा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. पंचनाम्याच्या चौथ्या ओळीत, तुमच्याच अक्षरात, ‘तिन्ही उंदरांच्या नाकाडोळ्यांतून रक्तस्राव, संसर्गजन्य रोगाची लक्षणे.’ ते रक्त नव्हतं. तुम्ही ते हात लावून पाहिलं नाही, दिव्याखाली धरून पाहिलं नाही, घरच्या माणसाचं ऐकलंसुद्धा नाही. दारात उभं राहून, नाकाला रुमाल लावून तुम्ही रोग ठरवलात आणि सही ठोकलीत. ज्या बाईच्या घरातून ते उंदीर उचललेत तिला तुम्ही गरीब गाय समजलात, ही तुमची दुसरी चूक.

झालं ते असं.

बाई शिवणकाम करते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकांच्या पिशव्या, मागच्या खोलीत चूल आणि दोन खाटा. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा उगवतो. घरात ती आणि तिची थोरली नणंद. या वन्सं शाळेच्या कचेरीत तीस वर्षं आवक-जावक लिहून निवृत्त झालेल्या. पेन्शन बेताची, पण जीभ अजून पूर्ण पगारावर.

उंदीर आले ते एका पँटीबरोबर. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक शिपाई पँट आखूड करायला आला, त्याच्या काखेत खोका. म्हणाला, “प्रयोगशाळा बंद झाली. वरून हुकूम आलाय, हे टाकून द्या. माझा हात होत नाही. तुम्ही ठेवता का?” खोक्यात तीन पिल्लं एकमेकांच्या अंगाखाली डोकी घालून बसलेली. शिवणवाली ‘ठेवते’ म्हणून मोकळी झाली आणि मग विचार करायला लागली.

वन्सं कडाडल्या. “लोक उंदीर जावेत म्हणून मांजर पाळतात. तू उंदीरच पाळ. आणि मांजर माझ्या उशाशी आणून बसव!”

“नको तर परत देते, वन्सं.”

“आता काय परत देतेस? त्याची पँट झाली, तो गेला.”

चौथ्या दिवशी वन्सं स्वतःच्या ताटातले उकडलेले वाटाणे एकेक करून पिंजऱ्याच्या गजांतून आत देत होत्या आणि वर बजावत होत्या, “लाड नाहीत हे. वाया जाऊ नयेत म्हणून देतेय.”

नावं शिवणाच्या डब्यातून निघाली. जाडी ती बॉबिन, किरकोळ आणि चपळ ती टाचणी, आणि दिसेल ते कुरतडणारी ती कातर. तिघी माद्या, म्हणून पिल्लावळीचा प्रश्न नव्हता. पिंजऱ्यात अंथरायला कापडाच्या चिंध्या, पण प्रत्येक चिंधीची कड आधी दुमडून शिवलेली. का? तर सुटा दोरा उंदराच्या बोटाला गुंडाळला की बोट सुजतं, काळं पडतं आणि गळून जातं. हे शिवणवालीला दुसऱ्या आठवड्यात कळलं, टाचणीचं एक नख गेल्यावर. तेव्हापासून ती गिऱ्हाइकाच्या झंपरापेक्षा उंदरांच्या चिंधीची कड जास्त निगुतीनं घालायची. लाकडाचा भुसा चालत नाही, त्यांची छाती नाजूक असते. अंथरूण दोन दिवसांआड बदलायचं, नाहीतर मुताचा वास त्यांच्याच फुप्फुसात जातो. पिंजरा साध्या साबणानं धुवायचा, फिनेल लांब ठेवायचं. संध्याकाळी मशीन थांबलं की तासभर तिघींना मोकळं सोडायचं. त्या टेबलावरून, टेपवरून, वन्संच्या खांद्यावरून हिंडायच्या. खूश झाल्या की दात किरकिर वाजवायच्या आणि डोळे बाहेर आल्यासारखे थरथरायचे. वन्सं म्हणायच्या, “बघ, हिचं मशीन सुरू झालं.”

आता लाल पाण्याचं. हेच खरं कळीचं आहे, नीट ऐका. उंदराच्या डोळ्यामागं एक ग्रंथी असते, तिच्यातून लालसर पाणी येतं. उंदीर घाबरला, आजारला, किंवा उग्र वास नाकात गेला की ते जास्त येतं, आणि सुकलं की थेट रक्तासारखं दिसतं. पहिल्यांदा बॉबिनच्या नाकाला ते दिसलं तेव्हा शिवणवाली अर्धा झंपर मशीनवर टाकून गुरांच्या डॉक्टरकडे धावली होती. डॉक्टर बाई हसल्या. ओल्या कापसानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, “हे रक्त नाही हो. खात्री हवी तर नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरा. गुलाबी चमकेल. रक्त चमकत नाही, काळं दिसतं.” म्हणजे एका माणसाला दोन मिनिटांत कळण्यासारखी ही गोष्ट आहे. ज्याला कळून घ्यायची आहे त्याला.

इमारतीच्या मागं तीन आठवडे कचरा पडून होता. गाडी आली नाही. मग गटारातले उंदीर आले, मोठे, पाठीवरची लव झडलेले. लोकांनी तक्रार केली. आरोग्य खात्यानं काय करावं? कचरा तसाच ठेवला आणि जिन्यात औषध मारायला माणूस पाठवला. जणू गटारातले उंदीर जिना चढून, दाराची बेल वाजवून घरात येतात.

फवारणीवाला पाठीला टाकी लावून तिसऱ्या मजल्यावर आला. शिवणवाली दारात आली. “भाऊ, पाच मिनिटं थांबा. दाराखाली ओलं फडकं लावते. घरात पाळलेले उंदीर आहेत, त्यांना वास सोसत नाही.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग टाकीकडे, आणि पोट धरून हसला. “अहो बाई, मी उंदीर मारायलाच आलोय! माझी तक्रार उंदराकडून आली तर मला बढती मिळेल!” आणि नळी तिच्याच उंबऱ्याशी धरून दोन झोत जास्त मारले.

दुपारपर्यंत तिघींच्या डोळ्यांभोवती लाल कडी उमटली. कातरची नाकपुडी तर सुकून बंद झाली, ती तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. शिवणवालीनं दाराला ओले पंचे लावले, पिंजरा मागच्या खिडकीत नेला आणि मलमलचा पांढरा तुकडा कोमट पाण्यात बुडवून एकेकीचं तोंड पुसत बसली. तुकड्यावर लाल ठिपके, ठिपक्यांभोवती गुलाबी ओल.

नेमके त्याच वेळी आरोग्य खात्याचे साहेब आले, म्हणजे तुम्हीच. फवारणी झाली की नाही हे पाहायला आले होते. इमारतीचा सेक्रेटरी पुढं, बोट या दाराकडे, आणि फवारणीवाला मागं. “साहेब, हेच ते घर. इथूनच सगळं पसरलंय.”

“गटारातून पसरलंय,” वन्सं आतून म्हणाल्या. “नाक आहे ना तुम्हाला? मागच्या बाजूला जाऊन या.”

साहेबांनी मलमलचा तुकडा पाहिला आणि दोन पावलं मागं सरकले. “रक्त?”

“रक्त नाही, साहेब. तुमच्या औषधाच्या वासानं डोळ्यांतून लाल पाणी आलंय. निळ्या दिव्याखाली धरा, गुलाबी चमकतं बघा. डॉक्टरांना फोन लावून देते...”

“बाई, मला शिकवू नका. पंधरा वर्षं खात्यात आहे.”

“पंधरा वर्षांत एक उंदीर तरी हातात घेतलाय का?” वन्संनी विचारलं.

साहेबांनी कागद काढला. पंचनामा झाला. पंच म्हणून सेक्रेटरीची सही झाली आणि फवारणीवाल्याची झाली. म्हणजे ज्यानं बोट दाखवलं त्याची आणि ज्यानं विष मारलं त्याची. पिंजरा फवारणीवाल्यानं काठीला अडकवून उचलला. आत तिघी कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या.

“उद्या चार वाजता विल्हेवाट,” साहेब जिन्यातून म्हणाले.

“प्रत द्या,” वन्संनी वरून हाक मारली. “जप्त केलं की प्रत द्यावी लागते.”

“ऑफिसात या.”

“येतो तर. न येऊन सांगतो कोणाला!”

त्या दिवशी घरात मशीन चाललं नाही. वन्सं पेन्शनच्या फायलीतून कोरे कागद काढून अर्ज लिहीत बसल्या आणि शिवणवाली मलमलचा तुकडा कागदात घडी घालून पिशवीत ठेवून नुसती बसली.

“वन्सं, कातरचा श्वास बरोबर नव्हता. तिला पाण्याजवळ ठेवलं असेल का हो कुणी?”

“रडायचं नाही. रडणाऱ्या बाईचा अर्ज ते खालच्या खणात टाकतात. मी तीस वर्षं पाहिलंय.”

सकाळी ऑफिस उघडताना दोघी दारात हजर. शिपाई म्हणाला, साहेब बाहेर आहेत. वन्संनी खिडकीवर अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, शिक्का उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारायला लावला. शेजारी फी भरायची खिडकी होती, समोर दहाबारा माणसांची रांग, आणि आत रोखपाल बाई प्रत्येक नोट एका लहानशा निळ्या दिव्याखाली धरून बघत होत्या.

शिवणवालीनं ते पाहिलं. ती रांगेत उभी राहिली नाही, सरळ खिडकीशी गेली. मागून ओरडा झाला.

“ए बाई, रांग दिसत नाही का?”

“फी भरायची नाही मला. एक चिंधी बघायचीय. दोन मिनिटं.” तिनं मलमलचा तुकडा खिडकीतून आत सरकवला. “ताई, हे जरा तुमच्या दिव्याखाली धरा. तुमच्या साहेबांनी याला रक्त म्हटलंय.”

रोखपाल बाईंनी आधी तोंड वाकडं केलं. मग रांग थांबलीच आहे म्हणून तुकडा चिमट्यानं धरला. निळ्या उजेडात ठिपके पेटल्यासारखे गुलाबी झाले.

“अगंबाई!” त्या म्हणाल्या.

रांगेतला एक खाटीक पुढं वाकला. “हे रक्त? मी रोज रक्तात हात घालतो. माझा हा रुमाल धरा बरं.” त्याच्या रुमालाचा डाग काळाच राहिला. रांगेत कुजबुज झाली, मग हसू. मग कुणीतरी म्हणालं, “आमच्याकडे यांनीच पाणी तपासलं होतं,” आणि हसू थांबलं.

तेवढ्यात ‘बाहेर असलेले’ साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. “हा काय तमाशा?”

“तपासणी चाललीय,” वन्सं म्हणाल्या. “तुम्ही करायची राहिली होती ती.”

“नोटांच्या दिव्यावर रोगाची तपासणी? नियमात बसत नाही हे.”

“आणि दारातून बघून केलेली बसते?”

रांग ऐकत होती, म्हणून साहेबांनी आवाज उतरवला. दोघींना आत घेतलं. खुर्ची दिली नाही. पिंजरा मागवला. शिपाई तो हातभर लांब धरून घेऊन आला, लाकडी फळीवर ठेवला आणि पँटीला हात पुसले. पिंजऱ्याला फिनेलचा भपकारा होता. रात्रभर तो फिनेलच्या डब्यांच्या खोलीत होता, हे विचारायची गरजच नव्हती.

आत बॉबिन आणि टाचणी हलत होत्या. दोघींची तोंडं लाल. कातर खाली आडवी होती आणि दोघी तिच्या अंगावर बसल्या होत्या, झोपताना बसायच्या तशा. शिवणवालीनं बोट आत घातलं. कातर गार होती, पाय ताठ.

साहेबांनी फाईल उगाच सरळ केली.

“हे बघा बाई,” ते म्हणाले, “मी माणुसकीनं सांगतो. दोन घेऊन जा. हा कागद तयार ठेवलाय, इथं सही करा.”

वन्संनी कागद आधी हिसकून वाचला. मोठ्यानं वाचला. “‘सदर प्राणी रोगग्रस्त होते. मालकाच्या हलगर्जीपणामुळे एक प्राणी मृत. खात्याने योग्य ती काळजी घेतली.’ वा! काळजी! हा कागद म्हणजे तुमची सुटका आणि हिच्या गळ्यात दगड.”

“सही केली नाही तर उरलेले दोनही चार वाजता...” साहेब थांबले. “रोगग्रस्त जनावर मला सोडता येत नाही.”

शिवणवालीनं पिंजऱ्यावरून हात काढला नव्हता. ती पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे बघत बोलली. “सही केली की रोग जातो?”

“बाई, शब्दात पकडू नका.”

“मी कशात पकडू? तुम्ही शब्दातच मारलंत तिला.” तिनं पिंजरा उचलला, टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीत न विचारता बसली आणि पिंजरा मांडीवर घेतला.

“ए, घे तो पिंजरा त्यांच्याकडून,” साहेबांनी शिपायाला सांगितलं.

शिपाई जागचा हलला नाही. “साहेब, कागदावर संसर्गजन्य लिहिलंय.”

“मी सांगतोय ना!”

“तुम्हीच लिहिलंय, साहेब. माझ्या घरी लेकरं आहेत.”

साहेबांनी फवारणीवाल्याला हाक मारली. तो दारापर्यंत आला, मांडीवरचा पिंजरा पाहिला, आणि मला जिना मारायचाय म्हणत परत फिरला. मग साहेब स्वतः उठले. शिवणवालीनं पिंजऱ्याचं दार त्यांच्या बाजूला वळवलं आणि कडी सैल केली. “या. हात घाला. रोग नाही असं मी म्हणतेय, तुम्हाला कसली भीती?”

साहेब टेबलाच्या कोपऱ्याशी थांबले. त्यांचा हात रुमालाकडे गेला.

दारात रांगेतली माणसं जमली होती. खाटीक होता, रोखपाल बाई खिडकी बंद करून आल्या होत्या. वन्संनी तो तयार कागद टेबलावर पसरला, पिशवीतलं पेन काढून भावजयीच्या हातात दिलं. शिवणवालीनं सहीच्या जागी सही केली नाही. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यावर कागद, अशी ती लिहीत राहिली. अक्षर तिचं मोठं आणि वाकडं, गिऱ्हाइकांची मापं लिहिण्यापलीकडे तिला फारसं लिहायची सवय नाही. लिहून झाल्यावर तिनं कागद साहेबांकडे सरकवला नाही. उभा धरून सगळ्यांना ऐकू येईल असा वाचला.

“उंदीर रोगट होते तर दोन मला परत का देताय? रोगट नव्हते तर कातर कशानं मेली? दोन्हींतलं एक लिहा, खाली तुमची सही करा, तारीख घाला. आम्ही इथून उठत नाही. लिहा, साहेब, ती कशानं मेली?”