पुराच्या खाचा

आमचं गाव गोदाकाठी. घोटीचा तांदूळ बैलगाडीनं इथं यायचा न नावेतून पैलतीरी जायचा. मग पूल दोन कोस वर झाला, बाजार उठला. उरली घाटावरची अकरा दुकानं, सागवानी खांबांची. पूर ओसरला की ज्यानं त्यानं आपल्या खांबावर पाण्याची खाच मारायची, शेजारी साल न आपलं नाव कोरायचं, हा आमचा रिवाज.

आता रस्तारुंदीत ही रांग जाणार होती. शहरातल्या इंदिरानगरच्या तेजलताई तिचे फोटो काढत होत्या, आन काय काढतात! माझ्याच दाराच्या कडीचा फोटो दाखवला. साठ वर्षं ओढतोय ती कडी, पण एवढी देखणी हाय हे तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "सोमनाथकाका, रविवारी खाचांचे फोटो काढू. सोमवारी कचेरीत दिले की रांग किती जुनी आहे ते रस्त्याच्या साहेबांना पटेल, पाडणं थांबेल."

मला शहाणपण सुचलं. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घराला रंग देतोच ना? शनिवारी सगळ्यांना जुंपलं न दहा दुकानांना पिस्ता ऑइलपेंट मारला. खाचा ओबडधोबड दिसत होत्या, त्यांत लांबीची पुट्टी भरून खांब गुळगुळीत केले. अकरावं दुकान मालनवहिनींचं. त्यांनी ब्रश लावू दिला नाय. पन्हाळीच्या भांडणापासून आठ वर्षं आमचा अबोला.

तेजलताई आल्या न मटकन पायरीवर बसल्या. "काका, हे काय केलंत?" चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहिनींच्या खांबाचे फोटो निघाले, पण एका खांबावर अख्खी रांग कशी वाचणार?

तेवढ्यात वहिनी थिनर न चिंध्या घेऊन आल्या. वाटलं, आता सगळ्यांदेखत माझी लाज काढणार. त्या सरळ माझ्याच खांबाशी गेल्या.

"वहिनी, आधी दुसऱ्यांचं करा," मी म्हणालो.

"गप रे. एकोणसत्तरला तुझ्या बापानं खाच मारली, तवा मी नवी नवरी होते. शिडी मी धरली होती."

अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी नेमक्या जागी टोचला. लांबी अजून ओलीच होती. कोरलेलं साल निघालं, त्याखाली माझ्या वडिलांचं नाव निघालं. मला रडू आलं न मी ते लपवलं नाय.

वहिनींनी एक चिंधी माझ्या हातात कोंबली. "आवर. अजून नऊ खांब हायेत."